पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर नको: सांगलीत सायकलचं नेमकं अडतं कुठं?

निळीरेषा | ६ जानेवारी, रात्री ९:४०

सांगलीकर-मिरजकर मंडळींची मदत हवी आहे.

मी इथल्या एका कॉलेजात डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला डिझाइन शिकवते. यंदा प्रकल्पाला विषय दिला, 'हवामानबदल आणि रोजच्या वापरातली सायकल'. वर्गात चौदा गट. पहिल्या फेरीत अकरा गटांनी पोस्टर आणलं. त्यातल्या सहा पोस्टरांवर पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर होता. एका पृथ्वीच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टीही होती, तिला मी मनातल्या मनात दोन मार्क जास्त दिले. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी मोबाइल ॲप आणलं आणि एकानं पायडल मारून फोन चार्ज करायचं यंत्र.

मी विचारलं, "तुमच्यापैकी सायकलवरून कॉलेजला कोण येतं?" बावन्न जणांत तीन हात वर. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मॅडम, तुम्ही?"

मी ॲक्टिव्हावरून येते. अंतर साडेचार किलोमीटर, वाटेत एकही चढ नाही. त्या दिवशी उत्तर देता आलं नाही म्हणून हा धागा.

सायकल चालवावीशी वाटते असं सगळेच म्हणतात. मग अडतं कुठं? 'इच्छाशक्ती', 'मानसिकता' ही उत्तरं कृपया नकोत, ती पोस्टरांवर आहेतच. बोल्ट, पट्टी, दोरी, खड्डा, सावली असल्या भाषेत सांगा. मुलांच्या हाती वेल्डिंगचं वर्कशॉप आहे आणि साधारण दहा आठवडे आहेत.

---

पेठेतला | ६ जानेवारी, रात्री १०:१२

माझं दुकान गणपती पेठेत. सांगतो काय अडतं. सायकल लावायला जागा नाही.

जागा नाही म्हणजे फूटभर मोकळी नाही असं नव्हे. सायकल हलकी असते हा तिचा गुन्हा. मोटारसायकलवाला येतो, सायकल एका हातानं उचलतो आणि गटारीच्या कडेला ठेवतो. त्यानंतर दुसरा येतो, तो तिच्यावर आपली गाडी टेकवतो. तासाभरानं मालक आला की हँडल वाकडं, ब्रेकची वायर निघालेली. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा माणूस स्कूटरच काढतो. स्कूटर उचलून कोण ठेवणार?

मागं एकदा कुणीतरी सायकल स्टँड बसवलं होतं. चाक अडकवायच्या खाचा होत्या. त्यात पुढचं चाक घातलं आणि वरून धक्का बसला की रिम वाकते. आठ दिवसांत त्या खाचांत चहाचे कागदी कप भरले.

---

वारणाबाई | ७ जानेवारी, सकाळी ७:०५

ओढणी.

एका शब्दात उत्तर दिलं, पण थोडं सविस्तर लिहिते. मी बँकेत आहे, घर ते बँक तीन किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी हौसेनं लेडीज सायकल घेतली. चौथ्या दिवशी राममंदिर चौकात ओढणी मागच्या चाकात गेली. गळ्याला पीन लावलेली नव्हती म्हणून वाचले. सिग्नल सुटलेला, मागं सिटी बस, आणि मी चाक उलटं फिरवत ओढणी सोडवतेय. दोन कॉलेजची पोरं मदतीला आली, देव त्यांचं भलं करो. साडीच्या दिवशी तर प्रश्नच नाही. निऱ्या चेनला लागल्या की ग्रीसचा डाग आयुष्यभराचा.

गंमत बघा. मोटारसायकलला मागच्या चाकावर साडीगार्ड कायद्यानं लागतं, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम. (आमच्याकडं वाहनकर्जाच्या फायली येतात, त्यामुळं असले नियम पाठ होतात.) सायकलला हा नियम नाही, कारण ती मोटार वाहनच नाही. म्हणजे मागं बसणारीच्या पदराची काळजी सरकारला आहे, स्वतः पायडल मारणारीच्या नाही.

आणि हल्लीच्या 'स्पोर्टी' सायकलींना चेनकव्हर नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. त्यावर बसून जायचं कुठं?

---

डचवाडी | ७ जानेवारी, दुपारी २:३०

मूळचा माधवनगरचा, आता नेदरलँड्समध्ये. वारणाबाई, इथल्या साध्या सायकलींना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कोट-रक्षक असतो, अर्ध्या चाकावर ताणलेलं कापड किंवा प्लास्टिकचा पत्रा. चेन पूर्ण झाकलेली. म्हणून बायका स्कर्ट घालून आणि पुरुष सुटात ऑफिसला जातात, वेगळे 'सायकलिंगचे कपडे' कुणी घालत नाही.

"तिकडचे लोकच तसे" असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. साठच्या दशकात इथंही मोटारींनी रस्ते भरले होते आणि सायकली झपाट्यानं कमी होत होत्या. रस्त्यावर मुलं मरू लागली तेव्हा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पालक रस्त्यावर उतरले. त्या चळवळीचं नावच 'बालहत्या थांबवा' असं होतं. त्यात १९७३ ला तेलाची टंचाई आली आणि सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. आजचे सायकलमार्ग त्यानंतरचे.

सांगली इथल्यासारखीच सपाट आहे. चिंतामणीनगरचा रेल्वेपूल सोडला तर चढ म्हणावा असा कुठं आहे?

---

पेठेतला | ७ जानेवारी, दुपारी २:५१

तिकडं एप्रिल-मे महिना नसतो.

---

डचवाडी | ७ जानेवारी, दुपारी ३:०४

मान्य. पण इकडं समोरून पावसासकट वारा असतो. त्यापेक्षा ऊन परवडलं. :)

---

मिरजकर_तंबोरा | ७ जानेवारी, सायंकाळी ६:२०

सायकलवरून तंबोरा न्यायची सोय करणाऱ्या गटाला माझ्यातर्फे चहा-भडंग. (थट्टा नाही. भोपळा फुटला की वाद्य गेलं, म्हणून अर्ध्या किलोमीटरलाही रिक्षा करतो.)

---

हिशेबनीस | ७ जानेवारी, रात्री ९:१५

मुलांना पोस्टरऐवजी एक गणित घालून द्या.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोलचं स्वतःचं वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास, मग सव्वादोन किलो कुठून आले? पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, जास्तीचं वजन त्याचं. हे पोरांना पटत नाही, म्हणूनच ते लक्षात राहतं.

आता रोज १० किलोमीटर, गाडीचं ॲव्हरेज ५०, वर्षाचे २५० दिवस. ५० लिटर पेट्रोल, ११५ किलो वायू, आणि खिशातून पाच हजार रुपयांच्या वर. ११५ किलोनं पृथ्वी वाचत नाही, हे मी आधीच सांगतो. पण पाच हजारांत चांगली वापरलेली सायकल येते आणि वर ट्यूबचे पैसे उरतात.

निळीरेषा, तुमचं नाव पूररेषेवरून आहे का?

---

निळीरेषा | ७ जानेवारी, रात्री १०:००

हो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमचं घर कागदावर निळीच्या बाहेर आहे. २०१९ ला तळमजल्यावरचा फ्रिज तरंगत होता.

मोटारसायकलवरचा नियम मला माहीत नव्हता. उद्या वर्गात वाचून दाखवते.

---

छर्रे | ८ जानेवारी, रात्री ११:३०

दुकान बंद करून लिवतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. वडलांपास्नं सायकलचंच काम हाय आमचं.

मॅडम, पोरांना सांगा आधी दुकानात दोन दिवस बसा. गिऱ्हाईक काय घेऊन येतंय ते बगा. गिअरच्या सायकली येत्यात, सहा म्हैने चालवलेल्या, गिअर बिघडलाय आन् पार्ट मिळत न्हाई. बापानं वाढदिवसाला दहा-बारा हजार घातल्यालं असत्यात. आन् दुसरीकडं हमालाची चाळीस वर्षाची काळी सायकल येती, चार छर्रे बदलायचे, ग्रीस भरायचं, झालं काम.

२०१९ ला पाणी वसरल्यावर माझ्याकडं किती सायकली आल्या मोजलं न्हाई. हबमदी गाळ, तारा गंजल्याल्या. धुवून, छर्रे बदलून, ग्रीस भरून दिली की पळती. मोटारसायकलवालं इंजिन खोलून हप्ते भरत बसलं. पेट्रोलपंप बंद, एटीएम बंद, तवा त्या आठ-पंदरा दिवसात गावात फिरत काय हुतं? सायकलच.

चेनकव्हर पुरं झाकणारं करा म्हणताय, करा, पण माज्यासाठी एक खिडकी ठेवा. चेन ढिली झाली का बगायला अख्खं कव्हर खोलायला लावू नका. न्हाईतर गिऱ्हाईक म्हणतंय काढूनच टाका, आन् ते कव्हर माज्या भंगारात.

---

जुना_खेळाडू | ९ जानेवारी, सकाळी ६:१०

छर्रे यांच्या प्रतिसादाला +१. 'खिडकी ठेवा' हे वाक्य वर्गाच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. निळीरेषा, तुम्ही डिझाइन शिकवता आणि विषय सायकलचा दिलात, म्हणून आठवलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवायचे. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी. म्हणजे या भागातल्या कारखानदारीची सुरुवात एका ड्रॉइंग मास्तरानं सायकल विकून केली. मुलांना हे कुणी सांगतं का?

आमच्या लहानपणी सायकल भाड्यानं मिळायची, तासाच्या हिशेबानं. नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो. रात्री दिवा नसला की पोलीस चाकाची हवा सोडायचा. डायनामो टायरला टेकवला की सायकल जड व्हायची, म्हणून पोलीस दिसेपर्यंत कुणी टेकवायचं नाही. ६ व्होल्ट, ३ वॅट. उजेड पिवळा आणि जेवढा दम तेवढाच.

---

हिशेबनीस | ९ जानेवारी, सकाळी ९:४०

पुराचा विषय निघालाच आहे तर हवामानबदलाची बाजू तिथूनच घ्या. हिमनग आणि पांढरी अस्वलं आपल्याला काय कळणार? हवा एक अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवते. पाऊस पडायला लागला की ती सगळी खाली. कोयना-महाबळेश्वरला चार दिवस कोसळला की इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली आकडे चढतात. ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्या वर गेलं. इथं शेंबड्या पोरालाही हे आकडे पाठ आहेत.

एकट्या २०१९ चं खापर तापमानावर फोडू नका, नदीपात्रातली बांधकामं आणि धरणांचे विसर्ग हेही त्यात आहेत. पण फूट आणि इंच ही सांगलीची मातृभाषा आहे, त्यात बोला.

---

कृष्णाकाठ_७१ | ९ जानेवारी, सकाळी १०:०२

विसर्ग म्हणालात म्हणून विचारतो, अल्मट्टी धरणाची उंची वाढवायला आपण गप्प बसून

---

व्यवस्थापक | ९ जानेवारी, दुपारी १२:३०

अल्मट्टीवर वेगळा धागा आहे, त्यावर साडेचारशे प्रतिसाद झाले आहेत. इथले तेवीस प्रतिसाद तिकडं हलवले. पुरावरच्या वडनेरे समितीचा अहवाल पूर्ण वाचलेल्यांनीच तिकडं जावं, म्हणजे गर्दी कमी होईल. इथं सायकल.

---

तिसरं_वर्ष_गट९ | १७ जानेवारी, रात्री ८:५०

नमस्कार. मॅडमनी हा धागा वर्गात प्रोजेक्टरवर दाखवला. आम्ही गट नऊ, चौघी मुली आणि एक मुलगा. पट्टीवाली पृथ्वी आमचीच होती. :(

छर्रेकाकांच्या दुकानात दोन दिवस बसलो. तीन गोष्टी करायचं ठरवलंय. मागच्या चाकाला जाळी. द्राक्षाच्या जुन्या प्लास्टिक क्रेटचं कॅरिअर, कारण तासगाव भागातल्या नातेवाइकांकडं फुटके क्रेट ढिगानं पडलेत. आणि पेठेत सायकल टेकवायचा खांब. पेठेतलाकाका, तुमच्या दुकानासमोर चालेल का?

गट चारला चेनकव्हरवर निळ्यापासून लालपर्यंत उभे पट्टे रंगवायचेत. रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये अशी चित्रं लोकांसमोर आणली, एका वर्षाला एक पट्टा, थंड वर्ष निळं आणि गरम वर्ष लाल. त्यांना तुमचं मत हवंय.

---

वारणाबाई | १७ जानेवारी, रात्री ९:१०

गट चारला सांगा, काठ झकास आहे. पण चेनकव्हरच नसलेल्या सायकलला काठ कुठं लावणार? आधी साडी विणा.

---

पेठेतला | १७ जानेवारी, रात्री ९:३३

खांब चालेल. माझ्या पायरीच्या डाव्या बाजूला, उजवीकडं माल उतरतो. खाचा नकोत, उलट्या यूसारखा पाईप वाकवा, म्हणजे सायकल दोन ठिकाणी टेकते आणि फ्रेमला कुलूप लागतं. शेजाऱ्यांना मी सांगतो. तुमच्या कॉलेजच्या परवानगीचं आणि महापालिकेचं तुम्ही बघा.

---

तिसरं_वर्ष_गट९ | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

अडलोय. क्रेटचं कॅरिअर बसवलं, एका बाजूला एक. वजन खाली असेल तर तोल चांगला राहतो म्हणून ॲक्सलच्या जवळ आणलं. चालवताना दर पायडलला टाच क्रेटला लागते! क्रेट मागं सरकवला तर टाच सुटली, पण बारा-बारा किलो कांदे भरल्यावर पुढचं चाक हलकं झालं आणि हँडल भिरभिरायला लागलं. साक्षी म्हणून आमच्यातल्या एकाचा खरचटलेला गुडघा आहे. कांदे वसतिगृहाच्या मेसला दिले.

---

छर्रे | ९ फेब्रुवारी, रात्री ११:४०

सरकवू नका. क्रेटचा पुढचा खालचा कोपरा तिरका कापा, टाच जाईल एवढा. कापल्याली कड वितळवून दुमडा, न्हाईतर पोटरी फाटंल. दूधवाल्यांची किटली गोल का असती? टाच लागत न्हाई.

---

तिसरं_वर्ष_गट९ | १० फेब्रुवारी, सकाळी ८:००

काका, किटलीचं हे पुस्तकात नाहीये. आज कापतो.

---

निळीरेषा | १५ मार्च, रात्री १०:२०

प्रगती सांगते, कारण बरेच जण व्यक्तिगत निरोपातून विचारत होते.

क्रेट जमला. पंधरा दिवस मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींनी वापरला. त्यांचा एकच बदल, आतून पोतं शिवून घेतलं, कारण मेथी जाळीतून बाहेर येऊन तारांत अडकत होती. मुलांना तारा दिसल्या होत्या, मेथी दिसली नव्हती.

जाळीचे तीन नमुने फसले. पहिला नायलॉनचा, सैल पडून स्वतःच चाकात गेला. दुसरा पत्र्याचा, शंभर फुटी रोडवर असा वाजायचा की पुढची माणसं बाजूला होत, घंटीची गरज नाही. तिसऱ्याला वारा लागायचा. चौथा प्लास्टिकच्या खुर्चीला विणतात त्या पट्टीचा, मडगार्डला भोकं पाडून ॲक्सलपर्यंत पंख्यासारखा ताणलेला. खर्च एकशे चाळीस रुपये आणि दोन तास. गट चारनं तीच विण निळ्या-लाल पट्ट्यांची केली आहे. साडी विणली, वारणाबाई.

फसलेलंही सांगायला हवं. उन्हासाठी हँडलवर छत्री लावणाऱ्या गटाची छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली, सायकलस्वारासकट. उन्हावर आमच्याकडं उत्तर नाही. ज्या रस्त्याला झाडं आहेत तिथून जा, एवढंच. मी स्वतः १ फेब्रुवारीपासून सायकलवर आहे. मार्चात दुपारी दोनला परत येताना आठवड्यातून दोनदा मुकाट्यानं ॲक्टिव्हा काढते.

---

पेठेतला | १६ मार्च, सकाळी १०:४५

खांबाचं मी सांगतो, कारण तो माझ्या दारात आहे.

पोरांना आधी खांबावर '५७ फूट' असं लिहायचं होतं. मी म्हटलं, अरे ते आयर्विनचं माप, माझ्या दारात ५७ फूट पाणी आलं असतं तर सांगली उरली असती का? इथं किती आलं ते माझ्या भिंतीवर आहे. २०१९ चा डाग मी मुद्दाम रंगवून काढला नाही. मग ती पोरं गवंड्याकडून लेव्हलची नळी घेऊन आली, पारदर्शक, पाण्यानं भरलेली. एक टोक माझ्या भिंतीवरच्या डागाला, दुसरं खांबाला. खांबावर निशाण आलं ते माझ्या डोक्याच्या वर हातभर. २००५ ची खूण शेजारच्या जुन्या दरवाजावर होती, तीही नळीनं आणली. २०२१ ची मला पायरीवरून आठवत होती.

निशाणांना नाव नाही, संदेश नाही, फक्त साल. सायकल लावणारा माणूस कुलूप लावून उठतो आणि मान वर करून बघतो. आठ दिवसांत माझ्या दुकानासमोर पुराच्या जितक्या गप्पा झाल्या तितक्या सहा वर्षांत झाल्या नव्हत्या. एका आजोबांनी भांडण काढलं, २००५ ची खूण दोन इंच खाली आहे म्हणून. त्यांच्या घरचा डाग बघायला पोरं परवा जाणार आहेत.

आणि हो, खांबाला सध्या रोज चार सायकली असतात. पाचवी स्कूटर असते. तिला साखळीनं बांधून ठेवलेली असते, कुणाची ते कळलेलं नाही.

---

मिरजकर_तंबोरा | १६ मार्च, दुपारी १:१५

तंबोऱ्याचं काय झालं?

---

तिसरं_वर्ष_गट९ | १६ मार्च, दुपारी १:२२

काका, भोपळ्याचा घेर सांगा. सबमिशन २८ तारखेला आहे, त्यानंतर करतो. भडंग लक्षात आहे.

---

वारणाबाई | १६ मार्च, रात्री ८:३०

माझी सायकल जिन्याखाली दोन वर्षं धूळ खातेय. चोवीस इंची चाक, मडगार्ड आहे, चेनकव्हर अर्धं. जाळी बसेल का? आणि विण निळ्या-लालची नको, साधी काळी मिळेल का? बँकेत जायचंय.

---

छर्रे | १६ मार्च, रात्री ११:१०

बसतंय. पट्टी काळी आणून ठेवली हाय, पोरं शनवारी दुकानातच बसून इणणार हाईत. टायरची हवा गेली असंल, चालवत आणू नका, ट्यूब चावली जाती. ढकलत आणा. मंगळवारी बंद असतंय.